उतारेसाहेब

कारखान्यात त्यांना सगळे उतारेसाहेब म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव पगारपत्रकावर होतं आणि ते महिन्यातून एकदाच उपयोगाला येई. गोळी-इंजेक्शनात जाणारं मूळ औषध बनवणारा कुठलाही कारखाना घ्या, महाडचा घ्या, लोट्याचा घ्या, कुरकुंभचा घ्या, तिथं असा एक माणूस असतोच. कुठं त्याला 'यील्डवाले' म्हणतात, कुठं 'स्केलअप सर'. आमच्याकडे उतारेसाहेब.

मराठीत उतारा हा शब्द एकटा चार घरं सांभाळतो. परीक्षेत खालचे प्रश्न सोडवायला देतात तो उतारा. तलाठ्याकडे हेलपाटे घालून मिळतो तो सातबाराचा उतारा. विष चढलं की शोधतात तो उतारा. आणि तिन्हीसांजेला तिठ्यावर लिंबू-भात ठेवून मागं न बघता परत यायचं, तोही उताराच. साहेब सांगलीकडच्या ऊसवाल्या घरातले. त्यांच्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता: शंभर किलो उसातून साखर किती निघाली. बारा निघाली तर घरात पुरणपोळी, दहाच्या खाली गेली तर वडील दोन दिवस कुणाशी बोलत नसत. साहेब कोल्हापूरला एम.एस्सी. झाले, सेंद्रिय रसायन शिकले, कोकणात येऊन औषधाच्या कारखान्यात लागले, पण 'यील्ड' हा शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. अमेरिकेहून तपासणीला आलेल्या गोऱ्या इन्स्पेक्टरसमोरही ते एकदा 'द उतारा इज सिक्स्टी-एट' म्हणून गेले. इन्स्पेक्टरनं वहीत लिहून घेतलं. पुढं त्याच्या रिपोर्टात तो शब्द उपकरणांच्या यादीत आला.

मी परचेसमध्ये होतो. परचेस आणि साहेबांचं प्रोसेस यांचं नातं व्याह्यांसारखं. समोर आलं की हात जोडायचे, पाठ फिरली की देण्याघेण्याचा हिशेब काढायचा. लिटरमागे दोन रुपये स्वस्त टोल्युइन देणारा व्हेंडर मी खपून शोधून काढावा आणि साहेबांनी इंडेंटच्या, म्हणजे मागणीपत्राच्या, तळाशी लाल शाईनं लिहावं, 'व्हेंडर बदलू नये.'

"साहेब, टोल्युइन म्हणजे टोल्युइन. त्यात काय आमचं-तुमचं?"

"असं? मग चहाला विहिरीचंच पाणी लागतं ते का, परचेस?"

मला चहाला विहिरीचं पाणी लागतं हे त्यांना कुणी सांगितलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण माणसाचं असं होतं खरं. कुठून काय येतं आणि कुठं काय जातं यावर त्यांची सतत नजर. याला ते 'मास बॅलन्स' म्हणत. आत टाकलेलं सगळं बाहेर आलं पाहिजे. मालात नाही तर मळीत, मळीत नाही तर वाफेत, पण कुठं तरी सापडलंच पाहिजे. त्यांच्या मुलाला दहावीला ८७ टक्के पडले. आम्ही पेढे खायला गेलो. मुलगा पाया पडला, साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं विचारलं, "बाकीचे तेरा कुठं गेले?"

पोरगं रडकुंडीला आलं. वहिनी म्हणाल्या, "अहो!" साहेबांना मात्र आपण काय चुकीचं बोललो ते कळेना. रागावलेले नव्हतेच ते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मराठीत गेले, की भूमितीत?

या वेडामागचं गणित त्यांनी मला एकदा कँटीनमध्ये समजावलं. "परचेस, एका औषधाच्या दहा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला नव्वद टक्के उतारा. शेवटी हातात किती?"

"नव्वद," मी म्हणालो. मी कॉमर्सचा.

त्यांनी उपम्यातला चमचा खाली ठेवला. "वारी बघितलीय ना? आळंदीहून शंभर माणसं निघाली. दर मुक्कामाला जेवढी असतील त्यांतला दहावा हिस्सा मागं राहिला. कुणाचे पाय सुजले, कुणाला पाहुणे भेटले. दहाव्या मुक्कामाला किती उरले? पस्तीस! विसाव्या मुक्कामाला बारा. आणि चाळीस मुक्काम असले तर पंढरपुरात पोचला एक. दुसरा अर्धा." तो अर्धा वारकरी माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस गेला नाही.

"आता नव्वदाऐवजी पंचाण्णव करा. दहाव्या मुक्कामाला साठ. नुसते पाच टक्के सुधारले तर माल जवळजवळ दुप्पट! आणि तुम्ही मला टोल्युइनचे दोन रुपये सांगता."

त्या काळात आमच्याकडे आयरिनोटिकॅन बनवायचं घाटत होतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात ते. किलोचा भाव लाखांत बोलायचा. या औषधाचं मूळ कॅम्प्टोथेसिन नावाच्या फिकट पिवळ्या भुकटीत आहे आणि ती भुकटी झाडात आहे. पहिल्यांदा सापडली ती एका चिनी झाडात, ज्याला तिकडे 'आनंदवृक्ष' अशा अर्थाचं नाव आहे. आपल्या सह्याद्रीत तीच भुकटी ज्या झाडात आहे, त्याला आपण म्हणतो नरक्या. फुलला की असा दर्प सुटतो की नावाबद्दल कुणाची तक्रार राहत नाही. चिन्यांच्या आनंदात आणि आपल्या नरकात रेणू एकच, हे साहेबांना फार आवडायचं. नव्या ट्रेनी पोरांना ते हे पहिल्याच दिवशी सांगत आणि पोरं हसली नाहीत तर त्यांना नाइट शिफ्ट लावत.

साहेबांच्या केबिनमध्ये गणपतीशेजारी एका चष्मेवाल्या गृहस्थांचा फोटो होता. "हे सगळं वाणींच्या कृपेनं," असं ते म्हणायचे. मी बरेच दिवस व्हेंडर लिस्टमध्ये 'वाणी' शोधत होतो. मला वाटलं, सॉल्व्हंटवाले असतील. ते निघाले मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, १९२५ सालचा. मुंबईत शिकले, पुढं अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनात मनरो वॉल यांच्याबरोबर १९६६ साली त्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना उलगडली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून १९७१ साली टॅक्सॉलचीही. म्हणजे कर्करोगावरच्या औषधांची दोन मोठी घराणी ज्या जोडीमुळे उभी राहिली, तिच्यातला अर्धा भाग नंदुरबारचा. २०२० साली वाणी वारले तेव्हा साहेबांनी फोटोला हार घातला आणि अर्धा दिवस रजा घेतली. रजेचं कारण लिहिलं: 'घरचे.'

आणि नरक्याचा शोध तर आणखी जवळचा. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की ही भुकटी आपल्या या उग्र वासाच्या झाडात भरपूर आहे. भरपूर म्हणजे किती, तर वाळक्या लाकडाच्या किलोमागं दोन-तीन ग्रॅम. "शेकडा पाव टक्का!" साहेब म्हणत. "आमच्याकडे असला उतारा निघाला असता तर चेअरमनला गावात फिरू दिलं नसतं." पण जगाला तेवढंही पुरे होतं. घाटमाथ्यावरचा नरक्या मोळ्या बांधबांधून खाली आला, इतका, की पुढं झाड कुठं उरलंय ते शोधत फिरायची वेळ आली. एका पावसाळ्यात आंबोलीला जाताना साहेबांनी गाडी थांबवायला लावली, नाकावर रुमाल न धरता एका फुललेल्या नरक्याखाली उभे राहिले आणि बराच वेळ वर बघत होते. मला वाटलं, नमस्कार-बिमस्कार करतायत. परत येऊन म्हणाले, "टोल्युइन नाही. व्हॅक्यूम नाही. साध्या पाण्यात, हवेच्या तापमानाला करतोय. डावा-उजवा एक घोटाळा नाही. आणि ईटीपी नाही, परचेस! याला सांडपाण्याची नोटीस येत नाही!" गाडी सुरू झाल्यावर बऱ्याच वेळानं स्वतःशीच पुटपुटले, "पण पाव टक्का."

डाव्या-उजव्याचं सांगायला हवं. हा रेणू चपलेसारखा आहे. डाव्या पायाची एक, उजव्या पायाची एक. दिसायला सारख्या, पण औषध एकाच पायाचं. झाड बिनचूक त्याच पायाची करतं. कोलंबिया विद्यापीठाच्या गिल्बर्ट स्टॉर्क यांनी १९७१ साली झाडाशिवाय, नुसत्या बाटल्यांतल्या रसायनांपासून कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा बनवून दाखवलं, तेव्हा जोड निघाले. अर्ध्या डाव्या, अर्ध्या उजव्या. शास्त्रज्ञाला तेवढं पुरतं. कारखानदाराच्या दृष्टीनं निम्मा माल दारात काढून ठेवलेल्या चुकीच्या चपला. तेव्हापासून जगभरच्या केमिस्टांनी वेगवेगळ्या वाटांनी या रेणूचा डोंगर चढून ठेवलाय. २००१ साली डॅनियल कॉमिन्स यांनी तर सहा पायऱ्यांत आणून ठेवला. मी वाचून उत्साहानं साहेबांकडे गेलो, "अहो, सहाच पायऱ्या! आपण का करत नाही?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सत्यनारायणाला आलेल्या माणसानं प्रसादाऐवजी बिर्याणी मागितली होती. "पेपर कुठल्याही केमिस्टाचा घ्या, एक वाक्य हमखास असतं. 'उणे ७८ अंशांवर थेंबथेंब घाला.' तिकडं बादलीभर कोरडा बर्फ आणि ॲसिटोन, झालं उणे ७८. इथं दोन हजार लिटरच्या रिॲक्टरला उणे ७८ करायचं म्हणजे काय ते आमच्या चिलरला विचारा. तो मे महिन्यात उणे दहालाच दम टाकतो."

हे बोलणं माझ्याशी असलं तरी रोख आर. अँड डी.च्या डॉक्टरांवर होता. डॉक्टर म्हणजे पीएच.डी.वाले. वरच्या मजल्यावर, एसीत. ते पन्नास मिलिग्रॅम माल करत आणि उतारा ९२ टक्के लिहून खाली पाठवत. "पन्नास मिलिग्रॅमचे ९२ टक्के!" साहेब म्हणायचे. "एवढं तर चमच्याला चिकटतं. याचा चमचा कुठं आहे, तो दाखवा." डॉक्टर माल शुद्ध करायला काचेच्या नळीत सिलिका भरून वरून सॉल्व्हंट ओतत, त्याला कॉलम म्हणतात. कागदावर 'कॉलम' हा शब्द दिसला की साहेबांच्या चेहऱ्यावर, पंगतीत आळणी भाजी आल्यासारखा भाव यायचा. "पाच किलो मालाला कॉलम करायचा तर सिलिकाचा ट्रक आणायला लागेल, सॉल्व्हंटचा टँकर आणि तो कॉलम चालवायला एक भूत. मला खडे करून द्या, डॉक्टर. खडे! माल आपणहून बाहेर येऊन बसला पाहिजे, घाण मागं राहिली पाहिजे. साखर कॉलम करून काढतात का?"

दोघांत आठ-आठ दिवस बोलणं नसायचं. मग एखाद्या रात्री दोघं एकाच रिॲक्टरच्या काचेतून आत बघताना सापडायचे, एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकल्यासारखे.

साहेबांना लग्नाला बोलावणं हा धोका होता. ते मांडवात बसत नसत. थेट आचाऱ्याकडे. "पाच माणसांचा शिरा करणं म्हणजे आर. अँड डी.," ते मला भट्टीच्या धुरात सांगत होते, तिकडे अंतरपाट धरलेला होता. "पाचशे माणसांचा शिरा म्हणजे प्लांट. रवा शंभरपट, तूप शंभरपट, साखर शंभरपट, आणि तरी शिरा होत नाही. का? पोट वाढतं त्या मानानं कातडी वाढत नाही. एक लिटरचा फ्लास्क आणि हजार लिटरचा रिॲक्टर. पोट हजारपट, कातडी शंभरपटच. उष्णता जायची कुठून? आत गोळा धगधगतोय आणि बाहेर हात लावला तर गार." मग आचाऱ्याकडे वळून, "मामा, तुम्ही साखर केव्हा टाकता?" आचारी म्हणाला, "पाण्याचा आवाज बदलला की." साहेबांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात आमच्या एका बॅच रेकॉर्डमध्ये 'रिॲक्शनचा आवाज' असा रकाना आला आणि क्वालिटीवाल्यांनी तो काढून टाकला.

घरी वहिनी श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगायच्या. साहेब खाली पातेलं ठेवून निथळलेलं पाणी मोजायचे. आमच्या भाषेत याला एमएल म्हणतात, मदर लिकर. खडे गाळून झाल्यावर उरतं ते पाणी. "यात उतारा आहे," ते गंभीरपणे म्हणायचे. "एमएल टाकायचा नसतो." वहिनी म्हणाल्या, "टाकतंय कोण? आज त्याच पाण्यात थालिपिठाचं पीठ भिजवलंय. माझ्या आजीपासून भिजवतात." साहेब दोन मिनिटं गप्प होते. एमएल परत वापरून दोन टक्के उतारा वाढवण्याची जी स्कीम त्यांनी सहा महिने खपून मॅनेजमेंटला दिली होती, ती या घरात तीन पिढ्या चालू होती आणि कुणी इन्सेंटिव्ह मागितला नव्हता.

सोड्याला मात्र त्या घरात बंदी. भज्यांत नाही, हरभरे भिजवताना नाही. याला कारण १९७०च्या सुमाराला अमेरिकेत घडलेली गोष्ट, जी साहेब बखरीसारखी सांगत. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. मग रुग्णाला द्यायचं कसं? म्हणून सोडियम घालून त्याचा क्षार केला. छान विरघळला. पण विरघळता विरघळता रेणूच्या पाच कड्यांपैकी शेवटचं कडं उघडलं. सगळी मदार त्या कड्यावर. परिणाम राहिला बाजूला, त्रास तेवढा झाला, चाचण्या थांबवाव्या लागल्या आणि औषध दहा-पंधरा वर्षं फळीवर पडून राहिलं. ते कडं न उघडता पाण्यात विरघळेल असं शेपूट त्याला जपान्यांनी १९८३ साली जोडलं. जोडणारी कंपनी याकुल्ट. होय, तीच, छोट्या बाटलीतलं आंबट-गोड दूध विकणारी. १९९४ साली जपानात आणि १९९६ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. साहेब रोज दुपारी जेवणानंतर याकुल्टची एक बाटली पीत. पोटासाठी नाही. आदर म्हणून.

आमच्या कारखान्यात ठरलं ते असं: नरक्याच्या मोळ्या नकोत, रेणू दोन अर्ध्यांत बनवायचा आणि शेवटी आम्लात दोन्ही अर्धे जोडायचे. ही जोडण्याची क्रिया फ्रीडलँडर नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८८२ सालीच दाखवून ठेवलेली आहे. साहेब तिला 'सोयरीक' म्हणायचे. डावी बाजू साधी आणि स्वस्त, उजवी बाजू नाजूक आणि महाग, कारण ते शेवटचं कडं आणि चपलेचा डावे-उजवेपणा सगळा तिच्याकडे. "मुलीकडची बाजू," साहेब म्हणत, "वाया जाता कामा नये. मुलाकडचे दोन-चार जास्त आले तरी चालतील." म्हणजे स्वस्त माल थोडा जादा घालायचा, महाग माल पूर्ण लागला पाहिजे. मी आयुष्यात रसायनशास्त्र तेवढंच शिकलो.

सोयरीक जुळायची, पण त्यानंतर खडे काढताना उतारा ६८ वर अडकला. दोन महिने ६८. साहेबांनी आम्ल बदललं, ६८. पाणी कमी केलं, ६७. सॉल्व्हंटचा व्हेंडर बदलू का, असं मी नम्रपणे विचारलं, तर त्यांनी नजरेनंच मला परचेसमध्ये परत पाठवलं. ते रात्री अतिनील दिव्याची टॉर्च घेऊन प्लांटभर हिंडू लागले, कारण हा माल त्या उजेडात निळा चमकतो. गेलेला माल कुठं चिकटलाय, हे शोधत. पाइपांच्या बेचक्यांत, गॅस्केटच्या कडांवर, सेंट्रिफ्यूजच्या कापडात. कापड तर आकाशगंगेसारखं पेटलेलं दिसलं. "इथं आहेत माझे टक्के," ते म्हणाले. माल इतका बारीक पिठासारखा येत होता की कापडाच्या विणीत जाऊन बसायचा, धुतला तरी मळी सोडायचा नाही, आणि जास्त धुतला तर स्वतःच वाहून जायचा. तरी पीठ का होतंय ते काही कळेना.

नाइट शिफ्टला तात्या म्हणून जुना ऑपरेटर होता. त्याला कळत होतं. त्याच्या मते बॅच बाधली होती. नवा रिॲक्टर बसवला तेव्हा नारळ फोडायचा राहून गेला होता, कारण क्वालिटीवाल्यांनी क्लीन एरियात नारळाला परवानगी नाकारली होती. आषाढातल्या एका रात्री, बाहेर धो धो पाऊस, तात्यानं गेटबाहेरच्या तिठ्यावर उतारा ठेवला. एक लिंबू, मूठभर भात, हळद-कुंकू. परत येताना मागं पाहिलं नाही, त्यामुळे एमआयडीसीच्या फीडरवर वीज पडली ती त्याला दिसली नाही.

लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. जनरेटरवर रिॲक्टरची ढवळणी चालू राहिली, पण ब्राइनचा चिलर जनरेटरवर घेतलेला नव्हता. बॅच भरलेली. साहेबांना फोन केला तर फोन बंद. तात्यानं रिॲक्टरला हात जोडले आणि बसून राहिला. सकाळी सेंट्रिफ्यूज उघडलं. आत पीठ नव्हतं. खडे होते. चमचमते, एकेक सुटा. कापड झटकलं की कोरडं. वाळवून वजन केलं. ७१.

साहेब सकाळी आले, आकडा बघितला, पुन्हा वजन करायला लावलं. मग चिलरचा चार्ट मागवला आणि एका नजरेत सगळं त्यांच्या लक्षात आलं. डोक्याला हात लावून ते प्लांटच्या पायरीवरच बसले. "खडीसाखर," ते म्हणाले. "परचेस, खडीसाखर कशी करतात? पाक करून ठेवतात आणि विसरून जातात. हळूहळू गार होऊ देतात, तेव्हा खडा धरतो. आम्ही चिलर लावून तासाभरात गार करत होतो, म्हणून पीठ! उसाच्या पोटी जन्माला आलो मी. वडील असते तर त्यांनी या वयात कानाखाली दिली असती."

म्हणजे कारण सापडलं. पण कारखान्यात नुसतं सापडून चालत नाही, ते कागदावर यावं लागतं. क्वालिटीच्या बाईंनी विचारलं, उतारा वाढायचं मूळ कारण काय? साहेबांनी लिहिलं: 'संथ शीतकरण, आठ तास.' तात्याला विचारलं तर त्यानं सांगितलं, उतारा वाढायचं कारण उतारा. बाईंना वाटलं, दोघं एकच सांगतायत. त्यांनी सही केली.

मग नियमाप्रमाणे लागोपाठ तीन बॅचेस तशाच करून दाखवायच्या होत्या. साहेबांनी स्वतः उभं राहून आठ-आठ तास गार केल्या. ७१, ७१.४, ७०.८. साहेब खुश. फक्त चौथ्या दिवशी मी सहज म्हणालो, "साहेब, तात्या तिन्ही रात्री लिंबू ठेवून आलाय बरं का."

त्यांचा चेहरा बदलला. मी आधी गमतीनंच बोललो होतो. पण ते केमिस्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील तर परिणाम कुणाचा, हे सांगता येत नाही, हे त्यांनीच ट्रेनी पोरांना शंभर वेळा शिकवलेलं. "मग एक बॅच लिंबाशिवाय घ्यावी लागेल," ते म्हणाले. शास्त्र तसंच सांगतं. तारीख ठरली. तात्याला बजावलं. तात्या म्हणाला, "ठेवत नाय. पण साहेब, बॅच केवढ्याची हाय?"

बॅच लाखांची होती. साहेब केबिनमध्ये गेले, वाणींच्या फोटोसमोर बसले, याकुल्टची बाटली उघडली. दार लोटलेलं होतं, पण काचेतून मला दिसत होतं. कॅलक्युलेटरवर बराच वेळ काही तरी चाललं होतं.

दुपारी शिपाई माझ्या टेबलावर इंडेंट ठेवून गेला. साहेबांचंच अक्षर. वस्तू: लिंबू. नग: एक, दर बॅचला. प्रत: ताजं, बिनडागी. वापर: हा रकाना कोरा. आणि तळाशी, लाल शाईनं, 'व्हेंडर बदलू नये.'